वळणाचा हिशेब

दहा बाय बारा फुटांची खोली. फरशीवर रुळांचे तुकडे एकात एक अडकवून केलेलं वर्तुळ आणि त्यावर फिरणारी जर्मन आयसीई गाडीची पांढरी, तांबड्या पट्ट्याची प्रतिकृती. सरळ रुळावर ती देखणी दिसते. वळणावर मात्र तिचं तोंड रुळाबाहेर लोंबतं, डब्यांचं पोट आत सरकतं आणि दोन डब्यांमधली फट उघडी पडते. जर्मन खेळण्यांच्या खोक्यात सर्रास येणाऱ्या या वळणाची त्रिज्या असते ३६ सेंटिमीटर. गाडी १:८७ प्रमाणातली, म्हणजे खऱ्या गाडीच्या सत्त्याऐंशीव्या भागाइतकी. तेव्हा हे वळण खऱ्या जगात नेलं तर त्याची त्रिज्या भरते जेमतेम ३१ मीटर. एवढ्या वळणावर ट्रामसुद्धा जपून न्यावी लागते.

उलट तोक्यो ते ओसाका हा जगातला पहिला अतिवेगवान रेल्वेमार्ग आखताना मोकळ्या मुलखातल्या वळणांची त्रिज्या किमान २५०० मीटर धरली होती. तिला ८७ ने भागलं तर २८ मीटर ७४ सेंटिमीटर येतात. असं एक वर्तुळ पुरं करायला ५७ मीटर रुंदीचं मैदान हवं. खोलीतलं वळण प्रमाणाच्या हिशेबाने खऱ्यापेक्षा ऐंशी पट तीव्र आहे, आणि तरीही गाडी रूळ सोडत नाही. असं का होतं, हे शोधायला निघालेला माणूस एकाच वेळी दोन विषयांत शिरतो: एक, माणसाने जमिनीवर रुळांवरून किती वेगाने जावं याचा सव्वाशे वर्षांचा ध्यास, आणि दोन, तीच रेल्वे टेबलावर मावेल एवढी करून पाहण्याचा तितकाच जुना नाद. हे पुस्तक या दोन्हींना शेजारी बसवतं. मराठीत रेल्वेवर आठवणी आणि प्रवासवर्णनं पुष्कळ आहेत. रूळ, चाक, वळण आणि वेग यांच्यावरचं लेखन फार कमी. म्हणून या विषयाची थोडी ओळख आधी करून द्यायला हवी.

‘बुलेट ट्रेन’ हा शब्द आपल्याकडे रुळला आहे, आणि तो मुळात जपानीच आहे. १९४०च्या सुमारास तोक्योहून शिमोनोसेकीपर्यंत जलद मार्गाची योजना निघाली, तेव्हा तिला ‘बंदुकीच्या गोळीसारखी गाडी’ अशा अर्थाचं नाव पडलं होतं. युद्धात ती योजना बारगळली. पुढे प्रत्यक्षात आलं ते नाव वेगळं आहे: ‘शिंकान्सेन’, म्हणजे ‘नवा मुख्य मार्ग’. हे गाडीचं नाव नाही, रुळांचं आहे. अतिवेगवान रेल्वेचं सगळं मर्म या एका शब्दात आलं आहे.

कारण नुसता वेग ही नवी गोष्ट नव्हती. १९०३ साली बर्लिनजवळ मारियनफेल्डे–झोसेन या चाचणीमार्गावर विजेच्या गाडीने ताशी २१० किलोमीटरचा वेग गाठला होता. १९३३ पासून बर्लिन–हॅम्बुर्ग धावणारी डिझेल गाडी १६०च्या वेगाने प्रवासी नेत असे. १९३८ मध्ये ब्रिटनच्या ‘मॅलार्ड’ या वाफेच्या इंजिनाने २०३चा टप्पा गाठला. १९५५ मध्ये फ्रान्समध्ये दोन विद्युत इंजिनं ३३१ पर्यंत गेली. त्या चाचणीत तारेवरून वीज घेणारे पेंटोग्राफ वितळले आणि मागे रूळ वाकडेतिकडे झालेले आढळले. इंजिन वेग घेऊ शकत होतं. रूळ तो सोसू शकत नव्हता, आणि त्याच रुळावर पुढे मालगाडी, मागे पॅसेंजर, मध्ये फाटक आणि फाटकात बैलगाडी असेल तर तो वेग कामाचाही नव्हता.

जपानची अडचण आणखी मोठी होती. तिथली जुनी रेल्वे १०६७ मिलिमीटरच्या अरुंद गेजची, डोंगर आणि समुद्र यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीतून वळत जाणारी. तोक्यो–ओसाका मार्गावर देशाच्या वाहतुकीचा मोठा भार होता आणि जुनी वाट भरून गेली होती. रेल्वेचे अध्यक्ष शिंजी सोगो आणि मुख्य अभियंता हिदेओ शिमा यांनी जुन्या मार्गाशेजारी आणखी रूळ टाकण्याऐवजी सगळंच वेगळं करायचं ठरवलं: १४३५ मिलिमीटरचं रुंद गेज, एकही फाटक नाही, मालगाडी नाही, आणि रुळाकडेच्या दिव्यांऐवजी चालकाच्या समोरच दिसणारा वेगाचा इशारा, कारण २०० किलोमीटर वेगात बाहेरचा सिग्नल वाचून गाडी आवरायला वेळ उरत नाही. १ ऑक्टोबर १९६४ रोजी ५१५ किलोमीटरचा हा मार्ग २१० किलोमीटर वेगाने सुरू झाला. जागतिक बँकेने ८ कोटी डॉलरचं कर्ज दिलं होतं, पण खर्च अंदाजापेक्षा फार वाढला आणि त्याची जबाबदारी घेऊन सोगो आणि शिमा दोघेही १९६३ मध्येच पायउतार झाले होते. ज्या दिवशी पहिली गाडी सुटली त्या दिवशी तिचे दोन्ही जनक अधिकारपदावर नव्हते.

या गाडीमागे आणखी एक माणूस आहे, ज्याचं नाव मराठी वाचकाने ऐकलेलं असण्याची शक्यता कमी: तादाशी मात्सुदाइरा. युद्धकाळात ते विमानांच्या पंखांची थरथर अभ्यासत. युद्धानंतर जपानमध्ये विमानसंशोधनावर बंदी आली आणि असे कित्येक अभियंते रेल्वेच्या संशोधनसंस्थेत आले. रेल्वेचं चाक सपाट नसतं. त्याचा रुळावर टेकणारा भाग किंचित उतरता, शंकूसारखा असतो, म्हणून दोन चाकं आणि त्यांचा आस रुळावर आपोआप मधोमध येत राहतात. पण वेग वाढला की हेच मधोमध येणं सापासारख्या वळवळीत बदलतं, आणि एका मर्यादेपलीकडे ती वळवळ थांबत नाही, वाढतच जाते. जुन्या रेल्वेवाल्यांना वाटे की दोष रुळाच्या उंचसखलपणाचा आहे. मात्सुदाइरांनी विमानाच्या थरथरीचं गणित चाकांना लावलं, लहान प्रतिकृती फिरत्या रुळांवर चालवून पाहिल्या आणि डब्याखालच्या चाकांच्या गाड्याच्या स्प्रिंगा कशा हव्यात ते ठरवलं. ब्रिटनमध्ये डर्बीच्या प्रयोगशाळेत अॅलन विकेन्स याच प्रश्नाशी झुंजले. तेही रेल्वेचे नव्हते, क्षेपणास्त्रांच्या कामातून आलेले होते. वेगवान रेल्वेचा पाया अशा रीतीने बाहेरून आलेल्या माणसांनी, आणि बराचसा छोट्या प्रतिकृतींवर घातला. हे पुस्तक ज्या दोन विषयांना एकत्र आणतं, ते इथे आधीच एकत्र आलेले होते.

जपाननंतर वाटा फुटल्या. फ्रान्सने १९७२ मध्ये गॅस टर्बाइनवर चालणारी गाडी ३१८ किलोमीटरपर्यंत नेली, पण १९७३च्या तेलसंकटाने तो विचार मागे पडला आणि १९८१ मध्ये पॅरिस–ल्यों मार्गावर विजेची टीजीव्ही सुरू झाली. जपानी गाडीत प्रत्येक आसाला मोटर होती. फ्रेंचांनी ताकद गाडीच्या दोन टोकांना ठेवली आणि दोन डब्यांच्या सांध्याखाली एकच चाकांचा गाडा बसवून सगळी गाडी एखाद्या कण्यासारखी जोडून टाकली. दुसरं म्हणजे त्यांनी नवा मार्ग फक्त मोकळ्या मुलखात बांधला. शहराच्या पोटात गाडी जुन्याच रुळांवरून जाते. गेज एकच असल्याचा हा फायदा, जो जपानला मिळाला नाही.

पॅरिस–ल्यों मार्गाची एक गंमत मुंबई–पुणे प्रवास केलेल्यांना लगेच कळेल. बोरघाटाचा चढ ३७ मीटरला एक मीटर आहे आणि तिथे कर्जतला गाडीमागे बँकर इंजिनं लागतात, हे पिढ्यान् पिढ्या पाहिलेलं दृश्य. फ्रेंचांनी आपल्या वेगवान मार्गाला हजारात ३५, म्हणजे साधारण २९ मीटरला एक मीटर, असा चढ दिला आहे. तो बोरघाटाहून तीव्र आहे. वजनाच्या मानाने ताकद भरपूर आणि अंगात वेग असला की गाडी टेकडी चढून जाते. म्हणून त्या सबंध मार्गावर एकही बोगदा खणावा लागला नाही. जर्मनांना मात्र आपल्या नव्या मार्गांवरून रात्री मालगाड्याही न्यायच्या होत्या. मग चढ सौम्य हवेत, आणि चढ सौम्य तर बोगदे आणि पूल वाढले. १९९१ मध्ये सुरू झालेला हॅनोवर–वुर्झबुर्ग मार्ग याच विचाराचा. २००२ मधल्या कोलोन–फ्रँकफर्ट मार्गावर त्यांनी मालगाड्या वगळल्या आणि थेट हजारात ४०चा चढ घेतला. त्या चढासाठी बनवलेल्या आयसीई ३ मध्ये मोटरीही जपानी पद्धतीने गाडीभर वाटल्या आहेत.

इटलीने नवा मार्ग बांधलाच, शिवाय वळणावर अंग झुकवणारी गाडी काढली, म्हणजे जुन्या वळणांवरही वेग राखता यावा. स्पेनची गोष्ट भारतीय वाचकासाठी अधिक महत्त्वाची. तिथली रेल्वे १६६८ मिलिमीटरच्या ब्रॉडगेजची, जवळपास आपल्यासारखी. १९९२ मध्ये माद्रिद–सेव्हिया मार्ग त्यांनी १४३५ गेजवर बांधला आणि दोन गेज असलेला देश म्हणून राहणं पत्करलं; त्यासाठी चालता चालता चाकांमधलं अंतर बदलणाऱ्या गाड्याही वापरल्या. चीन या सगळ्यांच्या नंतर आला. २००८ मध्ये बीजिंग–तियानजिन सुरू झालं, आणि २०२१ अखेर त्यांचं जाळं ४० हजार किलोमीटरच्या पुढे गेलं होतं. एकसारख्या तुळया कारखान्यात ओतायच्या आणि खांबांवर ठेवत जायच्या, अशी त्यांची पद्धत. दानयांग–कुनशान हा पूल १६४ किलोमीटर लांब आहे.

या प्रगतीला काळी पानंही आहेत. ३ जून १९९८ रोजी जर्मनीत एशडं इथे आयसीईचं एक चाक फुटलं आणि १०१ माणसं गेली. डब्यातला आवाज कमी व्हावा म्हणून त्या चाकाची पोलादी धाव आणि आतली तबकडी यांच्यामध्ये रबराचं कडं घातलं होतं. २०११ मध्ये चीनमध्ये वेनचौजवळ सिग्नलयंत्रणेच्या दोषामुळे एक गाडी दुसरीवर आदळून ४० माणसं मेली. टेबलावर घसरलेली गाडी दोन बोटांनी उचलून परत रुळावर ठेवता येते. दोन्हींची तुलना करताना हे कधीही विसरू नये, आणि या पुस्तकात ते विसरलेलं नाही.

आता टेबलाकडे. १८९१ साली लाइपझिगच्या जत्रेत ग्योपिंगेनच्या मेर्कलिन कंपनीने चावीवर चालणारी गाडी मांडली. चावीच्या गाड्या आधीही होत्या. नवं होतं ते रुळांचं ठरीव माप आणि पुढच्या वर्षी आणखी रूळ, आणखी सांधे, आणखी स्टेशनं विकत घेऊन तीच रेल्वे वाढवता येण्याची सोय. मापांना आकडे मिळाले: एक, दोन, तीन. पुढे त्याहून लहान माप निघालं, ते शून्य, म्हणजे ३२ मिलिमीटर. मग शून्याच्या निम्मं, तेच आजचं एचओ: १:८७ प्रमाण, १६.५ मिलिमीटरचा रूळ. १९६०च्या दशकात ९ मिलिमीटरचं एन माप स्थिरावलं आणि १९७२ मध्ये मेर्कलिननेच १:२२० प्रमाणातलं झेड आणलं. ब्रिटनमध्ये फ्रँक हॉर्नबी यांच्या गाड्या १९२० पासून मुलांच्या हातात आल्या. तिथे एक घोळ झाला तो अजून निस्तरलेला नाही. ब्रिटिश इंजिनं युरोपातल्या इंजिनांपेक्षा आटोपशीर. त्या काळच्या मोटरी १:८७च्या ब्रिटिश इंजिनात मावेनात. म्हणून गाडी १:७६ प्रमाणाची केली आणि रूळ मात्र १६.५ मिलिमीटरचाच ठेवला. परिणामी गाडी जाडजूड आणि रूळ अरुंद. १९६०च्या दशकात काही हट्टी मंडळींनी १८.८३ मिलिमीटरचा अचूक रूळ हाताने बनवायला सुरुवात केली. शतांश मिलिमीटरपर्यंतचा हा आग्रह बाहेरच्याला वेड वाटेल; ज्याने खऱ्या रेल्वेत गेजच्या भांडणांनी किती पैसा आणि किती दशकं खाल्ली हे वाचलं आहे, त्याला वाटणार नाही.

या नादातही घराणी आहेत. एकाला गाडीपेक्षा मुलूख प्यारा. जॉन अॅहर्न यांनी १९३०च्या दशकापासून मॅडर व्हॅली नावाचं कल्पित खोरं रचलं. ते आता ऑक्सफर्डशरमधल्या पेंडन संग्रहालयात आहे. तेच संग्रहालय उभारणारे रॉय इंग्लंड ऑस्ट्रेलियातून आलेले. भोवतालची गवताच्या छपरांची खेडी बदलताना पाहून त्यांनी ती लहान प्रमाणात जपायचं ठरवलं. दुसरं घराणं वाहतुकीचं. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या माँटेरी गावी जॉन अॅलन यांच्या तळघरात वेळापत्रक असे, घड्याळ खऱ्यापेक्षा जलद धावे आणि जमलेले मित्र खऱ्या रेल्वे कर्मचाऱ्यांसारखे कामाला जुंपलेले असत. १९७३ मध्ये त्यांच्या मृत्यूनंतर काही दिवसांतच आगीने तो सगळा संसार नष्ट झाला. तिसरं घराणं विजेच्या जोडण्यांचं: एमआयटीतला विद्यार्थ्यांचा रेल्वे क्लब १९४६ मध्ये सुरू झाला, आणि रुळांखालच्या रिलेंच्या जंजाळातून आलेली मुलंच पुढे संगणकाच्या पहिल्या वेडात सापडली. ‘हॅकर’ हा शब्द संगणकाच्या जगात नेला तो त्यांनीच. शिवाय लोकांसाठी मांडलेली भव्य प्रदर्शनं. हॅम्बुर्गच्या जुन्या गोदामांत २००१ मध्ये ब्राऊन बंधूंनी उघडलेलं मिनिआटुअर वुंडरलांट हे त्यांतलं सर्वांत प्रसिद्ध. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभं केलेलं लघुरेल्वे संग्रहालय १९९८ पासून मुलांना हेच दाखवत आलं आहे, आणि सुट्टीत तिथे जाऊन आलेल्या कित्येक पुणेकरांची लहान रेल्वेशी पहिली ओळख तिथेच झाली आहे.

गंमत अशी की या साऱ्या घराण्यांत अतिवेगवान गाडीला मानाचं पान क्वचितच मिळतं. नादिष्ट माणूस निवडतो एखादी शाखारेषा: एक फलाट, एक गोदाम, मालाचे चार डबे, आणि तासभर शंटिंग. नेरळ–माथेरानसारखी दोन फुटी गाडी त्याला आदर्श, कारण तिची वळणं मुळातच आवळलेली. वेगवान गाडी मागे राहण्याचं कारण उघड आहे. वेगवान रेल्वेची सगळी कला वगळण्याची आहे. फाटक वगळा, मालगाडी वगळा, मधली स्टेशनं वगळा, इंजिन बदलणं वगळा, वळण शक्य तितकं वगळा. टेबलावरच्या रेल्वेला जीव येतो तो याच वगळलेल्या गोष्टींनी. तिथे सांधा बदलावा लागतो, गाडी थांबते, वाट पाहते, मागे येते.

तरी एका देशात वेगवान गाडी टेबलावर आणण्याचं कोडं सुटलं, आणि तो जपान असावा हे साहजिक आहे. तिथली घरं लहान, म्हणून एन माप घरोघर पोचलं. कातो आणि तोमिक्स या कंपन्यांचे रूळ फरशीवर झटपट जोडायचे आणि जेवणाच्या वेळी उचलून ठेवायचे. १६ डब्यांची शिंकान्सेन खऱ्यात ४०० मीटर लांब. एचओमध्ये ती ४.६ मीटर होते, एनमध्ये अडीच मीटर. अडीच मीटर गाडीला शोभेल असं वर्तुळ घरात मावत नाही, तेव्हा तासाच्या भाड्यावर मोठमोठी आरास वापरायला देणारी दुकानं निघाली. लोक पेटीतून आपली गाडी घेऊन जातात आणि तिथे पळवतात. कातोच्या रुळांत तर वळणावर बाहेरचा रूळ उचललेला, काँक्रीटच्या स्लीपरांचा दुपदरी मार्गही मिळतो. जपानी उत्पादक साध्या अरुंद गेजच्या गाड्या १:१५० प्रमाणात करतात, पण शिंकान्सेन १:१६० मध्ये, कारण १४३५ ला १६० ने भागलं की जवळजवळ ९ मिलिमीटर येतात. आणि लाडक्या प्रतिकृतींपैकी एक कोणती, तर जी प्रवासी नेण्यासाठी नव्हतीच ती: रूळ आणि तारा तपासत फिरणारी पिवळी ‘डॉक्टर येलो’. तोक्यो–ओसाका बाजूच्या कंपनीची तशी गाडी जानेवारी २०२५ मध्ये निवृत्त झाली.

आता त्या ३६ सेंटिमीटरच्या वळणाकडे परत यायला हवं, कारण या पुस्तकाचा गाभा तिथे आहे.

ताशी ३०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ८३ मीटर. ८७ ने भागलं तर सेकंदाला ९६ सेंटिमीटर, ताशी साडेतीन किलोमीटरहून किंचित कमी. फेरफटक्याला निघालेला माणूस एवढ्या वेगाने चालतो. टीजीव्ही पूर्ण वेगात असताना तिची प्रतिकृती हातातल्या चहासह शेजारून चालत गाठता येते. वजन मात्र ८७ ने नाही, ८७च्या घनाने, म्हणजे सुमारे साडेसहा लाखांनी भागावं लागतं. ३८५ टनांची टीजीव्ही सहाशे ग्रॅमहून थोडी हलकी होते. म्हणून खरी गाडी ३०० वरून थांबायला तीन किलोमीटरहून अधिक घेते आणि लहान गाडी वीज तोडताच जागच्या जागी उभी राहते. ती हळू थांबावी यासाठी निर्मात्यांना आत पितळी चक्र किंवा इलेक्ट्रॉनिक युक्ती घालावी लागते.

आणि वळण? बाहेर फेकणारा जोर वेगाच्या वर्गावर अवलंबून असतो. वेग ८७ पट कमी झाला की तो जोर ८७ गुणिले ८७, म्हणजे ७५६९ पट घटतो. तेव्हा खऱ्या वळणाइतकाच जोर लहान गाडीला द्यायचा, तर त्रिज्येलाही ७५६९ ने भागायला हवं. २५०० मीटरला भागून पाहावं: उत्तर येतं ३३ सेंटिमीटर. डोळ्याला जे वळण ऐंशी पट चुकलेलं दिसत होतं, ते जोराच्या हिशेबात तोक्यो–ओसाका शिंकान्सेनच्या वळणाशी जवळजवळ जुळतं. खेळणी बनवणाऱ्यांनी हे गणित करून माप ठरवलं नाही. त्यांना टेबलावर वर्तुळ बसवायचं होतं. पण फरशीवर ‘३००’च्या वेगाने फिरणाऱ्या त्या गाडीच्या छपरावर पाण्याचं टोपण ठेवलं, तर त्यातलं पाणी जेवढं कलेल, साधारण तेवढंच पाणी २५०० मीटरच्या वळणावरून ३०० ने जाणाऱ्या खऱ्या गाडीतही कललं असतं, रूळ तिरपे नसते तर. खरे रूळ तिरपे का असतात, आणि नवे मार्ग २५०० मीटरवर न थांबता चार हजार, सात हजार मीटर त्रिज्येपर्यंत का गेले, ते या टोपणातल्या पाण्यावरून लहान मुलालाही दाखवता येतं.

प्रमाण बदललं की सगळंच सारख्या पटीने बदलत नाही, हे जहाजांच्या बाबतीत विल्यम फ्रूड यांनी एकोणिसाव्या शतकातच दाखवलं होतं. रेल्वेत त्याचा पडताळा अनेकदा आला. बोगद्यात शिरणारी वेगवान गाडी हवेला दट्ट्यासारखी पुढे ढकलते आणि दुसऱ्या तोंडाशी स्फोटासारखा आवाज होतो. जपानी अभियंत्यांनी नळीतून निरनिराळ्या नाकांच्या लहान गोळ्या सोडून तो अभ्यासला. पक्षीनिरीक्षणाची आवड असलेल्या एइजी नाकात्सु यांच्या देखरेखीखाली झालेल्या ५०० मालिकेच्या गाडीला १९९७ मध्ये खंड्याच्या चोचीसारखं लांब नाक मिळालं ते अशा प्रयोगांतून. मात्र चाकाच्या बाबतीत टेबलावरची गाडी दिशाभूल करते. तिच्या चाकांच्या आतल्या कडा मुद्दाम मोठ्या केलेल्या असतात आणि तीच कड गाडीला वळणावर धरून ठेवते. खऱ्या वेगवान गाडीत ती कड रुळाला लागणं हेच दुखण्याचं लक्षण. प्रतिकृती कुठे खरं बोलते आणि कुठे नाही, हे नीट सांगणं या पुस्तकाला सर्वांत महत्त्वाचं वाटलं आहे.

आत्ता हे लिहिण्याचं कारण महाराष्ट्राच्या उंबरठ्यावरच आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला ३४ किलोमीटर गेलेल्या गाडीने या देशाची प्रवासी रेल्वे सुरू झाली. तेच ठाणे आता मुंबई–अहमदाबाद या ५०८ किलोमीटरच्या अतिवेगवान मार्गाच्या आराखड्यातलं एक स्टेशन आहे. वांद्रे-कुर्ला संकुल, ठाणे, विरार आणि बोईसर ही बारापैकी चार स्टेशनं महाराष्ट्रात. ठाण्याच्या खाडीखालून सात किलोमीटर बोगदा जातो. बाकी मार्ग बहुतेक खांबांवर, ४० मीटर लांबीच्या आणि ९७० टनांच्या तुळया एकेक उचलून ठेवत बांधला जाणारा. पालघर जिल्ह्यात या मार्गाने जमीन मागितली, आणि किनाऱ्यावर कांदळवन. ते तोडायला मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये परवानगी दिली. मार्ग सरळ ठेवण्याचा आग्रह कागदावर रेघेसारखा निरुपद्रवी दिसतो. ज्याच्या वाडीतून ती रेघ जाते त्याला ‘थोडं वळवून घ्या’ असं का म्हणता येत नाही, त्याचं कारण वेगाच्या वर्गात आहे. आणि ते कारण त्याला त्याच्या भाषेत समजावून मिळायला हवं, मग त्याचा विरोध असो की पाठिंबा. खर्च, गरज आणि अग्रक्रम यांवरचा वाद हे पुस्तक मिटवत नाही. तो वाद माहितीनिशी व्हावा एवढी त्याची तळमळ आहे.

नादिष्टांसाठीही इथे काही नवं घडतं आहे. भारतीय ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचं. १:८७ मध्ये ते १९.३ मिलिमीटर हवं. पण बाजारात रूळ मिळतात १६.५चे, म्हणून डेक्कन क्वीनपासून राजधानीपर्यंत बहुतेक भारतीय प्रतिकृती आजवर अरुंद रुळावर उभ्या राहिल्या, आणि जाणकार नजरेला ते खटकत राहिलं. मुंबई–अहमदाबाद मार्ग १४३५चा आहे. मेट्रो आणि दिल्ली–मेरठची नमो भारत सोडली, तर आधुनिक काळातली लांब पल्ल्याची ही पहिली भारतीय गाडी, जी एचओच्या रुळावर मिलिमीटरभरही न चुकता बसेल. तो सबंध मार्ग १:८७ मध्ये मांडला तर ५ किलोमीटर ८४० मीटर होतो, म्हणजे जवळजवळ सीएसएमटीपासून करी रोडपर्यंत.

या पुस्तकात चुंबकावर तरंगणाऱ्या गाड्या नाहीत. जपानमध्ये अशा गाडीने २०१५ मध्ये ताशी ६०३ किलोमीटरचा वेग गाठला, पण तिथे चाक आणि रूळ यांचा संबंधच सुटतो आणि टेबलाशी असलेलं नातंही. कोणती प्रतिकृती घ्यावी, केवढ्याला, याच्या याद्याही नाहीत. प्रत्येक प्रश्न आधी फरशीवर करून पाहायचा आणि मग मार्गावर न्यायचा, अशी मांडणी आहे. त्यासाठी अभियांत्रिकीची पदवी लागत नाही; भागाकार आणि वर्ग एवढं यावं. लागणारं सामान म्हणजे मोजपट्टी, खडू, सुतळी, सेकंदकाटा असलेलं घड्याळ आणि जमल्यास एक गाडी. शाळेचं मैदान मिळालं तर पहिल्याच दिवशी २८ मीटर ७४ सेंटिमीटर सुतळीने एक कंस आखावा आणि त्यावर ती छोटी गाडी ठेवून खाली वाकून पाहावं. सगळी मापं मेट्रिक आहेत आणि जिथे वेगळं म्हटलेलं नाही तिथे प्रमाण १:८७ धरलं आहे. ज्यांच्याकडे एन मापाची गाडी आहे, त्यांनी ८७च्या जागी १६० घ्यावेत.